मृग लागतो तेव्हा दिसत का नाही?

जूनचा पहिला आठवडा सरत आला की आमच्या वाडीत जो तो एकच वाक्य बोलतो, "मृग लागला." कौले परतून झालेली असतात, लाकडे पडवीत आलेली असतात, माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. दोन वर्षांपूर्वी पाऊस लांबला होता आणि रात्री आभाळ अगदी मोकळे होते. शेजारची सातवीतली मुलगी अंगणात उभी राहून मान वर करून बराच वेळ काहीतरी शोधत होती. शेवटी म्हणाली, "मृग लागला म्हणता, पण कुठे लागला? मला तर जानेवारीत दाखवला होतात तो मृग कुठेच दिसत नाही."

मला हा प्रश्न फार आवडला. आकाशाचे निम्मे शब्द आपण रोज बोलतो. नक्षत्र, तिथी, ग्रह, राशी, उधाण हे शब्द काही पुस्तकातून शिकावे लागलेले नाहीत. पण बोलता बोलता त्यांचा वर आकाशात दिसणाऱ्या गोष्टींशी असलेला धागा सुटला आहे. म्हणून त्या मुलीला जे उत्तर दिले, तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी मृग. जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास पुळणीवर जाऊन पूर्वेकडून डोक्यावर येणाऱ्या आकाशात पाहिले, की चार ठळक ताऱ्यांचा एक चौकोन दिसतो. हे हरणाचे चार पाय. चौकोनाच्या मध्ये एका ओळीत तीन तारे आहेत, तो त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाणाची रेष खाली आग्नेयेकडे वाढवत नेली की निळसर पांढरा, लखलखणारा व्याध सापडतो, म्हणजे बाण मारणारा शिकारी. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच.

आता 'मृग लागला' याचा अर्थ मृग आकाशात दिसू लागला असा नाही. त्याचा अर्थ, सूर्य मृग नक्षत्रात आला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपल्याला सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज साधारण एक अंश पूर्वेकडे सरकलेला वाटतो. वर्षभरात तो आकाशाला एक पूर्ण फेरी मारतो. या वाटेला क्रांतिवृत्त किंवा आयनिकवृत्त म्हणतात. तिचे २७ सारखे भाग केले की एकेक भाग १३ अंश २० कलांचा होतो, आणि ते म्हणजे नक्षत्र. दिवसाला एक अंश या चालीने सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात. आपला पाऊस रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असा तेरा-चौदा दिवसांच्या हप्त्यांनी मोजला जातो तो यामुळेच. आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते आणि सूर्याबरोबरच मावळते. म्हणजे ज्या नक्षत्राचा पाऊस पडतो आहे, ते त्या पंधरवड्यात कुणालाच दिसू शकत नाही. ढग असोत वा नसोत.

याच वाटेचे २७ ऐवजी १२ भाग केले की त्या राशी. एक रास ३० अंशांची, म्हणजे सव्वादोन नक्षत्रांची. रास काय आणि नक्षत्र काय, दोन्ही एकाच रस्त्यावरचे मैलाचे दगड आहेत. तारकासमूह हा शब्द मात्र वेगळा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने सगळे आकाश ८८ तारकासमूहांत वाटले आहे, जसा जिल्हा तालुक्यांत वाटलेला असतो. आकाशाचा एकही कोपरा त्यातून सुटलेला नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांची. याला परांचन म्हणतात. त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांचे जुळलेले टाके दर ७२ वर्षांत साधारण एका दिवसाने सरकतात. हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात आजच्यापेक्षा सुमारे चौदा दिवस आधी जात असे. आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैत जाईल. तेव्हाच्या कोकणात पेरणीला मृगाची वाट पाहून चालणार नाही, तोवर लावणीही उरकत आलेली असेल.

तिथीचेही तसेच आहे. तिथी म्हटले की आपल्याला उपास किंवा श्राद्ध आठवते, पण तिथी हे मुळात एका कोनाचे माप आहे. अमावास्येला चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला असतात. तिथून चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली, २४ अंश गेला की दुसरी. १८० अंश झाले म्हणजे चंद्र सूर्याच्या बरोबर समोर आला, ती पौर्णिमा. कोन वाढत जातो तो शुक्ल पक्ष, पौर्णिमेनंतरचा वद्य पक्ष. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्याने १२ अंश कधी लवकर सरतात, कधी उशिरा. तिथीचा क्षय होतो किंवा वृद्धी होते, त्यात गूढ काहीच नाही.

हे माप कोकणात कुणी नीट जपले असेल, तर समुद्रावर जाणाऱ्यांनी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी असतो. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा अंदाज आहे, खाडीच्या मुखाशी आणि आत वेळ थोडी बदलते. पण घड्याळ आणि कागद यांच्याशिवाय एवढे जमते, याचे मला अजून नवल वाटते.

आता यामागचे कारण. चंद्र पृथ्वीला ओढतो. त्याच्या बाजूचे पाणी त्याच्याकडे जास्त ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे कमी, म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसाला दोन भरत्या. पण तोवर चंद्र आपल्या वाटेवर पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला रोज सुमारे ५० मिनिटे जास्त फिरावे लागते, आणि भरती रोज तेवढीच उशिरा येते. 'पाऊणपट' म्हणजे तिथीला ४५ मिनिटे. खरा आकडा आणि तोंडचा हिशेब किती जवळ आहेत ते पाहा. सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोड्या कमी जोराने. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीला ते एकमेकांना काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती. पाणी ना फार चढते, ना फार उतरते. पुरते उधाण मात्र तिथीच्याच दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येते.

चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह. ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह, ताऱ्याभोवती फिरतो तो ग्रह, आणि स्वतःच्या प्रकाशाने तळपतो तो तारा. एवढ्या तीन ओळींत ही गोष्ट संपायला हवी, पण 'ग्रह' हा शब्द जुना आहे आणि त्याचा अर्थ मध्येच बदललेला आहे. पंचांगातल्या नवग्रहांत सूर्य आहे, जो तारा आहे. चंद्र आहे, जो उपग्रह आहे. राहू आणि केतू आहेत, जे वस्तूच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे दोन ठिकाणी छेदते, ते हे बिंदू. त्यांना पातबिंदू म्हणतात. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ घडली तरच ग्रहण लागते, म्हणून ग्रहणाशी त्यांचे नाव जोडले गेले. आणि जिच्यावर आपण उभे आहोत ती पृथ्वी मात्र त्या नऊंत नाहीच. जुने ज्योतिर्विद चुकत होते असे मी म्हणणार नाही. ताऱ्यांमधून सरकणारे ते सगळे ग्रह, अशी त्यांची व्याख्या होती आणि त्या व्याख्येत ती यादी बरोबर बसते. आजची व्याख्या वेगळी आहे, म्हणून यादी वेगळी आहे. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, असे आठ. १९३० साली सापडलेला प्लूटो २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथील परिषदेत या यादीतून निघाला आणि बटुग्रह ठरला. कारण सूर्याभोवती फिरणे आणि गोल असणे एवढे पुरत नाही. आपल्या कक्षेच्या परिसरात त्या ग्रहाचाच वरचश्मा असावा लागतो, आणि प्लूटोच्या परिसरात त्याच्यासारखे इतर बरेच आहेत.

नुसत्या डोळ्यांनी ग्रह ओळखायची खूण सोपी आहे. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर उजळतो. तारा इतका दूर असतो की त्याचा फक्त ठिपका उरतो आणि हवेच्या हलण्याने तो थरथरतो. ग्रह ही छोटी चकती असते, तिच्या वेगवेगळ्या भागांची थरथर एकमेकांना सावरून घेते. शुक्राची चांदणी पहाटे किंवा सांजवेळीच दिसते, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही. कारण शुक्राची कक्षा आपल्या कक्षेच्या आत आहे आणि तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जाताना आपल्याला दिसत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. शाळेत या दोन शब्दांत मुले हमखास अडखळतात. 'वलन' म्हणजे वळणे, जागच्या जागी. 'भ्रमण' म्हणजे हिंडणे. एवढे लक्षात ठेवले की पुरते.

'तारा तुटला' असे आपण म्हणतो, पण तारा कधी तुटत नाही. अवकाशातला वाळूच्या कणाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा तुकडा प्रचंड वेगाने वातावरणात शिरतो आणि ८०-१०० किलोमीटर उंचीवर जळून जातो, ती उल्का. जळून न संपता जमिनीवर पडला तर त्या दगडाला अशनी म्हणतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीकडून येणारा उल्कावर्षाव कोकणातून छान दिसतो. आभाळ तेव्हा स्वच्छ असते, आणि समुद्रावरच्या थंड वाऱ्यासाठी एक घोंगडी पुरते.

अंतरांकडे वळलो की आकडे बोलायचे बंद होतात, म्हणून मी मुलांना पुळणीवर नेतो. एक सोललेला नारळ वाळूत ठेवायचा. तो सूर्य. मग पंधरा मीटर चालायचे आणि नाचणीचा एक दाणा ठेवायचा. ती पृथ्वी. तिच्यापासून चार बोटांहून कमी अंतरावर रव्याचा बारीक कण, तो चंद्र. नारळापासून ७८ मीटरवर एक करवंद ठेवले की गुरू झाला, आणि साधारण साडेचारशे मीटरवर, सुरूच्या बनाच्या पार टोकाला, मिरीचा दाणा हा नेपच्यून. मधली सगळी पुळण रिकामी. इथपर्यंत मुले हसत खेळत येतात. मग मी विचारतो, दुसरा नारळ कुठे ठेवायचा? सूर्यासारखा सर्वांत जवळचा दुसरा तारा या मापाने चार हजार किलोमीटरवर येतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा आपला देश ३,२१४ किलोमीटर लांब आहे. म्हणजे दुसरा नारळ ठेवायला देशात जागाच नाही. दरवेळी या ठिकाणी मुले गप्प होतात.

एवढी अंतरे किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून प्रकाशवर्ष. शब्दात 'वर्ष' असल्याने पुष्कळांना तो काळ वाटतो, पण ते अंतर आहे. आपणही तसेच बोलतो. गाव किती लांब, असे विचारले की पाखाडी उतरून चालत अर्धा तास, असे उत्तर मिळते. चालण्याचा वेग सर्वांना ठाऊक असतो, म्हणून वेळ सांगितली की अंतर कळते. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर चालतो. तो वर्षभरात जितका जातो ते एक प्रकाशवर्ष, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. चंद्र प्रकाशाच्या चालीने सव्वा सेकंदावर आहे, सूर्य सव्वाआठ मिनिटांवर, आणि व्याध ८.६ वर्षांवर. मृगाच्या पायातला राजन्य सुमारे ८६० वर्षांवर, म्हणजे व्याधाच्या शंभरपट दूर. तरीही तो डोळ्यांना चांगला ठळक दिसतो.

रात्री बंदरावरून समुद्राकडे पाहताना हेच होते. जवळच्या होडीचा कंदील आणि क्षितिजावरच्या मोठ्या जहाजाचा दिवा सारखेच उजळ दिसतात. त्यांतला कोणता खरा मोठा, ते अंतर कळल्याशिवाय सांगता येत नाही. ताऱ्याची दिसणारी तेजस्विता मोजायच्या मापाला प्रत म्हणतात. ती उलटी चालते, प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी. अंधाऱ्या जागी डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. व्याध तर शून्याच्याही खाली, उणे दीडच्या जवळ.

ताऱ्यांचे रंग अनेकांच्या नजरेतून सुटतात. मृगाच्या चौकोनात राजन्याच्या समोरच्या कोपऱ्यात काक्षी आहे, स्पष्ट तांबूस. लोहाराच्या भात्यावर लोखंड आधी तांबडे होते, मग पिवळे, मग पांढरे. ताऱ्यांचेही तेच, तांबडा तारा कमी तापलेला, निळसर तारा अतिशय तापलेला. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सियस, मधल्या पायरीवरचा. काक्षी तांबडा असूनही तेजस्वी दिसतो, कारण तो अफाट फुगलेला आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. अशा ताऱ्यांना राक्षसी तारे म्हणतात. २०१९ च्या अखेरीस तो मंदावला होता आणि तो फुटणार की काय, अशी चर्चा झाली. नंतर कळले की त्याच्यातूनच निघालेल्या धुळीने तो झाकला होता.

इतक्या दूरच्या ताऱ्यात काय आहे हे कसे कळते, या प्रश्नाचे उत्तर कोकणापासून फार दूर नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लागलेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून थेट आंध्रपर्यंत गेला होता. विजयदुर्ग किल्ल्यातल्या 'साहेबाचे ओटे' या चौथऱ्यांशी त्या ग्रहणाची आठवण जोडली जाते, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांनी याच किल्ल्यावरून हेलियम हा वायू शोधला, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते तसे नाही. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि तो इतका उजळ होता की ग्रहण नसतानाही दिसू शकेल हे त्यांच्या ध्यानात आले. लॉकयर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून त्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा नोंदवली. किल्ल्याचे महत्त्व यामुळे कमी होते असे मला वाटत नाही. खरी गोष्टच जास्त सुंदर आहे.

वर्णपट म्हणजे प्रकाशाचे उलगडलेले रंग, इंद्रधनुष्यासारखे. प्रत्येक मूलद्रव्य त्यात ठरलेल्या जागी आपली रेषा उमटवते. मिठाचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की ज्योत एकदम पिवळी होते, ती मिठातल्या सोडियमची खूण. लॉकयर यांना दिसलेली रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारी होती, पण त्यांच्या जागेवर नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, तिच्या मालकाला हेलियम हे नाव मिळाले. तो वायू पृथ्वीवर सापडला १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना. आधी सूर्यात ओळख पटली आणि सत्तावीस वर्षांनी घरात भेट झाली.

तारा म्हणजे काय, याचेही उत्तर त्या हेलियममध्येच आहे. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे अणुकेंद्र एकत्र येऊन हेलियम होतो आणि दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमानाची ऊर्जा होते. तीच ऊर्जा आपल्याला आंबे वाळवून देते आणि समुद्राची वाफ करून मृगाचा पाऊसही आणते. हे काम सुमारे ४६० कोटी वर्षे चालू आहे. इंधन सरत आले की सूर्यही काक्षीसारखा तांबडा होऊन फुगेल, त्याच्याएवढा नव्हे, आणि शेवटी आकसून श्वेत बटू होईल. असे सगळे तारे, त्यांचे ग्रह, वायू आणि धूळ यांच्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. आपल्या दीर्घिकेचे नाव आकाशगंगा.

त्या मुलीला मी शेवटी एक काम दिले होते. मराठी महिन्यांची नावे पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून पडली आहेत, चित्रेजवळ तो चैत्र, मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या बरोबर समोर असतो. मग मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र मृगाशी असेल, तर सूर्य आकाशाच्या विरुद्ध टोकाला, आणि सूर्य स्वतः मृगाशी पोचायला त्यानंतर साधारण सहा महिने. डिसेंबरात सहा महिने मिळवले की जून. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, मग मी डिसेंबरात बघते.

डिसेंबरात पौर्णिमेच्या रात्री ती आणि तिचा आजा मध्यरात्रीच्या आधी खाली बंदरावर आले. चंद्र जवळजवळ डोक्यावर होता, त्याच्या उजेडात मंद तारे हरवले होते, पण बाणाचे तीन तारे आणि खालचा व्याध दिसत होते. पाणी जेट्टीच्या वरच्या पायरीला लागले होते. आज्याने विचारले, "तिथी किती?" "पंधरा," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच पुटपुटली, "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा."